कपाटाचे कुलूप
(संस्थेच्या वतीने झालेल्या विद्यार्थी सत्कार समारंभात महाविद्यालयाच्या ग्रंथपालांनी केलेले भाषण)



आपल्या ग्रंथालयाची खबरबात सांगा आणि मुलांनी काय वाचावे तेही सांगा, अशी संस्थेच्या कार्यकर्त्यांनी मला आज्ञा केली. मी काही वक्ता नाही. पुस्तक द्यायचे, परत घ्यायचे, नोंद करायची, हे माझे काम. तेव्हा त्या कामातलेच चार शब्द बोलतो.

पहिली बातमी माझ्याच चुकीची आहे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडरूपाने प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. वसंत मून यांनी त्या संपादनासाठी आयुष्य वेचले. ते खंड आमच्या ग्रंथालयात आले, तेव्हा मी ते बाबासाहेबांच्या तसबिरीखाली काचेच्या कपाटात ठेवले आणि कुलूप लावले. पुस्तके हरवू नयेत, एवढाच हेतू. जयंतीला कपाट पुसायचे, तसबिरीला हार घालायचा. अशी कित्येक वर्षे गेली. एक दिवस प्रथम वर्षाचा एक विद्यार्थी काचेपाशी बराच वेळ उभा राहिला आणि मला म्हणाला, "सर, ही पुस्तके नुसती बघायचीच आहेत का?"

मित्रहो, मला उत्तर देता आले नाही. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडले. पुस्तक हे वापरासाठी असते, हा त्यातला पहिलाच नियम. परीक्षेत तो लिहून मी गुण मिळवले होते, पण माझ्याच कपाटाला कुलूप होते! त्याच आठवड्यात ते मी काढले. आता खंड घरी नेता येतात.

दुसरी बातमी सुखाची नाही. कुलूप काढल्यावर काही महिन्यांतच एका खंडाची पाने कोणीतरी फाडून नेली. कपाट पुन्हा बंद करा, असा सल्ला मला अनेकांनी दिला. मी तो मानलेला नाही. फाटलेली पाने छायाप्रत काढून चिकटवता येतात. न वाचलेले पुस्तक मात्र कोणत्याही डिंकाने दुरुस्त होत नाही. पण फाडणाऱ्यालाही मला सांगायचे आहे की, बाबा रे, तू जे नेलेस ते तुझ्यामागून येणाऱ्या भावंडाच्या ताटातले नेलेस.

पुस्तक योग्य वेळी योग्य हातात पडले तर काय होते, हे आपल्या इतिहासात पाहा. शाळकरी भीमराव मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत असत. कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी त्यांना तिथे हेरले. पुढे सत्काराच्या सभेत केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. त्या पुस्तकापासून सुरू झालेली वाट १९५६ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर पोहोचली. आज आपणही येथे सत्कार करीत आहोत. शालीबरोबर एक पुस्तक दिले, तर ते कोठवर जाईल हे आज कोणी सांगू शकत नाही.

दुसरे उदाहरण धर्मानंद कोसंबी यांचे. गोव्यातील साखवाळ गावचा हा तरुण. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचे छोटेसे चरित्र वाचले. त्या चार पानांनी त्यांना घर सोडायला लावले. नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असे भटकत ते पाली शिकले आणि बुद्धाचा विचार त्यांनी मराठीत आणला. त्यांचे 'निवेदन' हे आत्मचरित्र विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावे. पैसा नाही, भाषा येत नाही, तरी शिकायचेच, असा निश्चय म्हणजे काय ते त्यातून कळते. त्यानंतर त्यांचे 'भगवान बुद्ध' वाचावे.

माता-भगिनींसाठी बेबी कांबळे यांचे 'जिणं आमचं' सुचवतो. फलटणला त्यांचे छोटे दुकान होते. माल बांधायला आणलेली रद्दी त्या वाचत. घरच्यांपासून लपवून त्यांनी लिहिले, वह्या वर्षानुवर्षे दडवून ठेवल्या. १९८६ साली पुस्तक निघाले. आपल्या वस्तीतल्या आजीला हे पुस्तक नातीने वाचून दाखवावे. मग आजीच मध्ये थांबवून सांगू लागेल, "अगं, आमच्याकडेही असंच होतं." ते सांगणे वहीत उतरवून घ्या. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून, त्यांचे बोल टिपूनच 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ १९८९ साली सिद्ध केला. ज्यांची नावे कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हती, त्या त्यात बोलत आहेत.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी 'जातिसंस्थेचे निर्मूलन' वाचावे. १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी हे भाषण लिहिले. मंडळाला त्यातील विचार पेलले नाहीत, परिषदच रद्द झाली. बाबासाहेबांनी एकही शब्द न बदलता ते स्वखर्चाने छापले. सभागृहाचे दार बंद झाले, पण ते भाषण पुस्तकरूपाने देशभर गेले. पुस्तक लहान आहे. मात्र पेन्सिल हातात घेऊन, सावकाश वाचावे लागते.

आणि सर्वांसाठी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'. वर्षावासात आपल्या विहारात त्याचे वाचन होते, ही समाधानाची गोष्ट आहे. पण ऐकणे वेगळे आणि प्रश्न विचारत वाचणे वेगळे. या ग्रंथाच्या मराठी अनुवादकांमध्ये घनश्याम तळवटकर आणि म. भि. चिटणीस यांच्याबरोबर शां. शं. रेगे यांचे नाव आहे. रेगे हे सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथपाल होते. माझ्यासारख्या कपाट सांभाळणाऱ्या माणसाला त्या नावाने फार धीर येतो.

आता एक तक्रार तुमच्याकडून नेहमी येते, "सर, आधी स्पर्धा परीक्षा, मग हे सारे." मी गाईड वाचू नका असे म्हणणार नाही. नोकरी हवीच, घरी आई-वडील वाट पाहत आहेत, हे मी जाणतो. पण गाईडने पद मिळते आणि त्या पदावर बसल्यावर समोर हात जोडून उभ्या असलेल्या माणसाशी कसे वागायचे, ते गाईडमध्ये नसते. दिवसाची दहा पाने या पुस्तकांसाठी राखा. कोणी म्हणेल, खंड आता मोबाईलवर फुकट मिळतात. मिळतात, जरूर उतरवून घ्या. पण उतरवून घेतलेले म्हणजे वाचलेले नव्हे. मोबाईल हेही एक काचेचे कपाटच आहे.

शेवटी तीन विनंत्या करतो. संस्थेने प्रत्येक सत्कारात एक पुस्तक द्यावे. विहारात एक उघडे कपाट ठेवावे आणि नोंदवही एखाद्या विद्यार्थिनीच्या हाती द्यावी. आणि ज्यांच्या घरी वाचायला कोपरा नाही, त्यांनी संकोच न करता आमच्या वाचनकक्षात यावे. पुस्तक कसे मागायचे हे ठाऊक नसेल तरी चालेल. काय वाचायचे आहे एवढे सांगा, पुस्तक शोधून देणे हे माझे काम आहे.

तो विद्यार्थी आज या सभागृहात बसला आहे की नाही, ते मी पाहिलेले नाही. असेल तर त्याला सांगतो, बाळा, कपाट उघडे आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!