औषध लागू पडतं का, ते आधी मोजून घेऊ

(मत्स्यपालन करणाऱ्या गटांच्या सभेतील भाषणाचा मजकूर)



शेततळ्यात रोहू, कटला सोडणाऱ्या आपल्या गटांसाठी आज एकच विषय घेते. मासे मलूल झाले, अंगावर लाल चट्टे दिसले, की आपण दुकानात धावतो आणि मिळेल ते अँटिबायोटिक खाद्यात मिसळतो. पण त्या औषधानं तो रोग जाईल का, हे कुणी बघितलेलं असतं का?

ते बघता येतं, अगदी मोजून. प्रयोगशाळेत आजारी माशाच्या शरीरातून जिवाणू काढून वाढवतात. काचेच्या बशीत जेलीसारखा थर असतो, त्यावर ते सारखे पसरवतात. वर औषध लावलेल्या कागदाच्या छोट्या चकत्या ठेवतात आणि बशी रात्रभर उबेत ठेवतात. सकाळी सगळीकडे जिवाणूंची साय धरलेली दिसते. जे औषध लागू पडतं, त्याच्या चकतीभोवती मात्र स्वच्छ गोल राहतो. हा गोल चकतीसकट पट्टीनं मोजतात.

तळ्यात नेहमी सापडणाऱ्या एरोमोनास जिवाणूचं उदाहरण घ्या. टेट्रासायक्लिनच्या चकतीचा गोल १५ मिलिमीटर किंवा जास्त आला, तर औषध चालतं. ११ किंवा कमी आला, तर जिवाणू दाद देत नाही. मधे आला, तर भरवसा नाही.

दाद न देणारे जिवाणू येतात कुठून? आपण उगाच औषध टाकलं की कमजोर जिवाणू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि वाढतात. हा चिवटपणा ते दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनाही देतात. मासे साफ करताना काटा आपल्याच हातात घुसतो ना? ती जखम चिघळली, तर दवाखान्यातलं औषधही लागू पडेलच असं नाही.

म्हणून एवढं करा. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील, तर आधी पाण्यातला ऑक्सिजन बघा. तिथं अँटिबायोटिकचा उपयोग नाही. रोगाची शंका आली, तर औषध देण्याआधीच आजारी पण जिवंत मासे तपासणीला न्या. कुठं न्यायचे, ते जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. औषध सांगितलंच, तर पूर्ण दिवस द्या आणि सांगितलेली मुदत संपेपर्यंत मासे विकू नका. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरानला तर बंदीच आहे.

गटाच्या वहीत खाद्याचा खर्च लिहितो, तसं औषधाचं नाव, तारीख आणि तपासणीचा निकालही लिहू या.