इंधनाची बचत आणि चालकाचे कसब



ह्या व्यासपीठावर विद्वानांची व्याख्याने होतात. आमची शाळा म्हणजे एस्. टी.च्या आगाराचे फाटक, आणि आमचे गुरू म्हणजे मुक्कामाची गाडी घेऊन येणारे चालक. त्यांच्यापाशी जे शिकलो, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

१ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एस्. टी. निघाली. आज तिच्या आगारांत एका लिटरात गाडी किती किलोमीटर गेली याचा हिशेब असतो. त्याला ‘केएमपीएल’ म्हणतात. समजा, गाडी दिवसाला ३०० किलोमीटर धावली. लिटरला साडेचार किलोमीटर पडले तर ६६ लिटरांहून अधिक डिझेल लागते, पाच पडले तर ६०. अर्ध्या किलोमीटरच्या फरकाने एका गाडीमागे रोज साडेसहा लिटर वाचतात.

ही बचत चालकाच्या पायात असते. पुढे गर्दी किंवा वळण दिसले की जाणता चालक आधीच अ‍ॅक्सिलरेटर सोडतो; उतावळा अखेरपर्यंत गाडी दामटतो आणि करकचून ब्रेक दाबतो. जाळलेल्या डिझेलाने मिळवलेला वेग असा ब्रेकच्या उष्णतेत फुकट जातो. जाणता चालक क्लचवर पाय टेकून बसत नाही, आणि वेळ गाठण्यासाठी वाऱ्याशी झुंजत नाही. ताशी ६० ऐवजी ८० ने गेले, तर वाऱ्याचा अडथळा जवळजवळ पावणेदोन पट होतो.

पण बचतीचे एक सोंगही आहे. एका आगारात कमी केएमपीएल काढणाऱ्या चालकांची नावे फळ्यावर लावली. भीतीपोटी काहीजण घाटाच्या उतारावर न्यूट्रल करून गाडी सोडू लागले. यात बचत तर नाहीच. गिअरमध्ये पाय उचलला की इंजिनाला जाणारे डिझेल पंपच तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहते. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात, आणि पन्नास उतारूंचा जीव टांगणीला लागतो. ‘ज्या गिअरने चढावे, त्याच गिअरने उतरावे’ हा जुन्या चालकांचा नियमच खरा.

फळ्यावरची नावे वाचून आम्ही त्या गाड्या पाहिल्या. एकीचा सेल्फ लागत नव्हता. इंजिन बंद केले की उतारूंनी धक्का मारायचा. म्हणून चालक स्थानकात ते बंदच करीत नसे. दुसरीच्या टायरांत हवा कमी होती. दोष कोणाचा, आणि नाव कोणाचे?

हिशेब मांडू नका, असे आम्ही म्हणत नाही. चालकाच्या नावाशेजारी गाडीचा नंबर आणि तिच्या दुरुस्तीची तारीखही लिहा, एवढेच आमचे मागणे. आणि आमचीही चूक कबूल करतो. डिझेलची काळजी वरिष्ठांनी वाहावी, असे म्हणून आम्ही संघटनेच्या लोकांनी हा प्रश्न कैक वर्षे बाजूला सारला. कसब कामगाराचे, तर त्याचा अभिमान आणि त्याचे मोलही कामगारानेच मागायला हवे होते.

आपणांपैकी पुष्कळजण स्कूटरवरून आला असाल. घरी जाताना चाकातली हवा पाहा, सिग्नलला इंजिन बंद करा, आणि एस्. टी.त बसलात तर ‘जरा जोरात घ्या’ असे चालकाला सांगू नका. बचतीचा आरंभ तेथूनच होतो.