जपानी शेगडीपाशी

रात्री साडेअकरा वाजता आपल्या गावात काय चाललेले असते? दिवे मालवलेले असतात आणि रात्रीच्या विजेची पाळी आलेला एखादा शेतकरी बॅटरी घेऊन मळ्याच्या वाटेला लागलेला असतो. अशाच एका वेळी, दोन वर्षांपूर्वी, मी जपानातील ओसाका शहरात एका खाणावळीच्या दारात उभा होतो. माझ्याबरोबर तिथले एक प्राध्यापक होते. दिवसभराचे काम संपले होते आणि आता ते मला जेवू घालणार होते.

खाणावळ म्हटले खरे, पण थाट मोठा होता. काळ्या लाकडाच्या भिंती, मंद दिवे, कुठूनतरी येणारे हलके संगीत. असली दुकाने पहाटेपर्यंत उघडी असतात. उशिरा सुटलेले नोकरदार येतात, शेवटची आगगाडी चुकलेले येतात आणि दुसऱ्यांना वाढून झाले की इतर खाणावळींतले आचारीही येतात. बसल्याबरोबर आमचे कोट एका पेटीत बंद झाले, गळ्यात कागदी रुमाल आले. मेजाच्या मधोमध एक गोल खड्डा, त्यात लाल निखारे, वर लोखंडी जाळी. कच्च्या मांसाचे पातळ काप ताटात येतात आणि ज्याने त्याने ते आपल्या हाताने भाजून घ्यायचे. याला ‘याकिनिकु’ म्हणतात. याकि म्हणजे भाजलेले आणि निकु म्हणजे मांस.

आपण म्हणाल, मग धूर? तीच तर गंमत आहे. शेगडीच्या काठाशीच धूर आत ओढला जातो. 1980 साली नागोया शहरातील एका कारखान्याने ही युक्ती बाजारात आणली. तोवर ही दुकाने धुराने कोंदलेली, कामकऱ्यांची समजली जात. धूर गेला, तशी बायकामुलेही येऊ लागली आणि हळूहळू दुकानांना हा थाट आला.

ताट आले आणि माझ्या ध्यानात आले की हे गोमांस. मी शेतकऱ्याच्या घरातला. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावलेला, त्याच्या तोंडात पुरणपोळी दिलेला. संकोचत म्हणालो, “क्षमा करा, मी हे खात नाही.” यजमानांचा चेहरा पडला. चूक त्यांची नव्हती, आधी सांगायला हवे होते मी. क्षणभर आम्ही दोघेही गप्प. मग त्यांनी पोऱ्याला हाक मारली. ते ताट बाजूला ठेवायला सांगितले, शेगडीवरची जाळी काढून कोरी जाळी घालायला लावली आणि कोंबडी, लाल भोपळा, अळिंबी मागवली. माझे सगळे भाजून, माझे पोट भरेपर्यंत त्या गृहस्थाने स्वतःच्या ताटाला हात लावला नाही. नंतर मला विचारले, “आता मी भाजले तर चालेल का?” श्रोतेहो, पाहुणचार म्हणजे काय, हे मला त्या कोऱ्या जाळीने शिकवले.

मग गोष्टी निघाल्या. ते म्हणाले, “आमच्याकडेही पूर्वी हे खात नसत.” ते खरे आहे. 675 साली सम्राट तेम्मु यांनी गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस वर्षातले काही महिने खाण्यास मनाई केली होती. पुढे शेकडो वर्षे तिथला बैल भाताच्या खाचरात चिखलणी करीत होता, आपल्या कोकणातल्यासारखाच. 1872 साली सम्राट मेइजी यांनी गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले आणि वारे फिरले. मात्र शेगडीवर भाजून खाण्याची ही तऱ्हा मुख्यतः कोरियन लोकांची. 1910 ते 1945 पर्यंत कोरिया जपानच्या ताब्यात होता, त्या काळात पुष्कळ कोरियन माणसे ओसाकात मजुरीला आली. इतरांना नको असलेली आतडी, काळीज ती भाजून खात, विकीत. त्सुरुहाशी नावाच्या भागात अशी जुनी दुकाने आजही ओळीने आहेत. यजमान हळूच म्हणाले, “माझी आजी तिथेच शेगडीमागे बसे. शाळेत मुले मला वासावरून चिडवीत. आज त्याच पदार्थासाठी लोक इथे एवढे पैसे मोजतात.”

1950 नंतर जपानी शेतात यंत्रे आली. नांगराचा बैल रिकामा झाला आणि मांसासाठी पोसला जाऊ लागला. भिंतीवर एक पाटी होती, तिच्यावर दहा आकडे. मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “हा या जनावराचा क्रमांक.” 2001 साली तिथे गुरांत मेंदूचा एक भयंकर रोग आढळला, त्यानंतर 2003 साली कायदा झाला. प्रत्येक वासराच्या कानात बिल्ला असतो आणि अशा दुकानांना तो क्रमांक गिऱ्हाईकाला दाखवावा लागतो. त्यावरून जनावर कधी जन्मले, कोणत्या जातीचे, कुठे वाढले, सारे कळते.

आणि मग त्यांनी सहज विचारले, “तुमच्याकडे बैल म्हातारा झाला की काय करतात?”

मला उत्तर सुचेना. आमच्या घरी सर्जा नावाचा बैल होता. मी चौथीत असताना तो थकला. त्या वर्षी पाऊस नव्हता, कडबा नव्हता. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आठवडी बाजारात तो एका हेड्याला विकला. कासरा मात्र परत आणला आणि खुंटीला टांगला. त्या रात्री दादा जेवले नाहीत. सर्जा कुठे गेला, हे आम्ही विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. त्या पैशातून माझी पुस्तके आली. आता 2015 पासून आपल्या राज्यात बैलांच्या कत्तलीला कायद्याने बंदी आहे. पण थकल्या जनावराला कडबा कुठून घालायचा, हा प्रश्न गोठ्यात अजून उभाच आहे.

हे सारे मी त्या गृहस्थांना सांगितले. त्यांनी चिमटा खाली ठेवला आणि बराच वेळ निखाऱ्यांकडे पाहत राहिले.

मी गोमांस खात नाही, पुढेही खाणार नाही. पण समोरच्याच्या ताटाकडे पाहून त्याला जोखण्याची माझी जुनी खोड त्या रात्री बरीच कमी झाली. शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एवढेच सांगतो. वर्गात एखाद्या मुलाचा डबा पाहून दुसरी मुले नाक मुरडू लागली, तर त्या वेळी गप्प राहू नका. आणि शेतकरी बांधवांनो, तुमच्या गोठ्यात एखादा सर्जा थकला असेल, तर त्याचे पुढे काय, हे घरात मोकळेपणी बोला, मुलांदेखत बोला. आमच्या घरी ते कधी बोललेच गेले नाही. कासरा अजून खुंटीवर आहे.