मंत्री, अधिकारी आणि कपाटातला अहवाल
(मंडळाच्या मासिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



विषय कळवला तेव्हा कार्यवाहांनी मला विचारले, "जर्मन वायुदलाचा अधिकारी? आपल्या मंडळात?" त्यांची शंका रास्त आहे. पण आपल्या पत्रिकेत सरकार, मंत्री, खाती यांवर आपण सतत लिहितो-बोलतो. मंत्री ऐकतो का आणि जाणकार अधिकारी बोलतो का, हे दोन प्रश्न त्यात नेहमी येतात. त्यांचे इतके ढळढळीत उदाहरण माझ्या वाचनात दुसरे आले नाही. मी कॉमर्सचा पदवीधर, बँकेतला कारकून, तेव्हा रडारचे गणित माझ्याकडून कोणी अपेक्षू नये. फाइल कशी फिरते आणि कुठे अडते, एवढे मात्र मला कळते.

वोल्फगांग मार्टिनी १८९१ साली लिस्सा या गावी जन्मला. हे गाव तेव्हा जर्मनीत होते, आज पोलंडमध्ये आहे. १९१० साली तो सैन्याच्या तारखात्यात शिरला. म्हणजे खांब रोवणे, तारा ओढणे, निरोप पोचवणे. पहिले महायुद्ध त्याने याच कामात काढले. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला, हेर्मान गोअरिंग हवाईमंत्री झाला आणि नव्या वायुदलाच्या संदेशवहनाची जबाबदारी मार्टिनीकडे आली. युद्ध संपेपर्यंत ती त्याच्याकडेच राहिली. टेलिफोन, बिनतारी, विमानांना वाट दाखवणाऱ्या रेडिओ लहरी, शत्रूचे निरोप चोरून ऐकणे आणि पुढे रडार, सगळे त्याच्या हाताखाली.

त्याचा मंत्री मात्र वेगळ्या मुशीतला. गोअरिंग पहिल्या युद्धातला नामांकित वैमानिक, बावीस विमाने पाडल्याचा मान मिळवलेला. त्याच्या लेखी युद्ध म्हणजे वैमानिकाचे शौर्य. हेडफोन लावून खोलीत बसणाऱ्यांचे त्याला फारसे कौतुक नव्हते.

१९३९ साली इंग्लंडच्या किनाऱ्यावर उंचच उंच लोखंडी मनोरे उभे राहिले होते. ते कशासाठी, हे मार्टिनीला जाणून घ्यायचे होते. त्याने ग्राफ झेपेलिन हे प्रचंड हवाई जहाज रेडिओ उपकरणांनी भरून मे आणि ऑगस्ट महिन्यांत पूर्व किनाऱ्यालगत पाठवले. हाती काही लागले नाही. जर्मन रडार आखूड लहरींवर चालत, तेव्हा इंग्रजांचेही तसेच असणार ही समजूत होती. इंग्रजांचे मनोरे दहा-बारा मीटर लांबीच्या लहरी वापरत होते. शत्रू आपल्यासारखाच विचार करतो असे धरून चालले की असे होते. ही चूक मंत्र्याची नव्हे, खात्याची होती, आणि तीही सांगितली पाहिजे.

युद्ध सुरू झाल्यावर उलगडा झाला. किनाऱ्यावरची ही साखळी इंग्रजांचे डोळे आहे हे मार्टिनीच्या लोकांनी ओळखले आणि ती फोडण्याचा आग्रह धरला. १२ ऑगस्ट १९४० रोजी पेव्हन्सी, राय, डोव्हर आणि व्हेंटनर येथील केंद्रांवर बॉम्ब पडले. व्हेंटनर कित्येक दिवस बंद पडले. बाकीची केंद्रे काही तासांत पुन्हा चालू झाली आणि व्हेंटनरची उणीव कळू नये म्हणून इंग्रजांनी लहरी सोडणे चालूच ठेवले. तीनच दिवसांनी, १५ ऑगस्टला, गोअरिंगने सेनापतींना सांगितले की एकही केंद्र कायमचे बंद पडलेले दिसत नाही, तेव्हा हे हल्ले चालू ठेवण्यात अर्थ आहे का ते पाहावे. मंत्र्याने शंका काढली की खालच्यांना तो हुकूमच वाटतो. हल्ले जवळजवळ थांबले आणि इंग्रजांचे डोळे शाबूत राहिले.

मार्टिनीचे खरे कसब पाहायचे तर फेब्रुवारी १९४२ पाहावा. फ्रान्सच्या ब्रेस्ट बंदरात अडकलेली शार्नहोर्स्ट, ग्नायझेनाउ आणि प्रिन्झ ऑयगेन ही मोठी जहाजे इंग्लिश खाडीतून, डोव्हरच्या नाकासमोरून, जर्मनीला न्यायची होती. त्या दिवशी रडार एकदम बंद पाडले असते तर इंग्रज सावध झाले असते. म्हणून मार्टिनीने आधीचे कित्येक दिवस रडारमध्ये थोडा थोडा अडथळा आणला, रोज किंचित जास्त. पडद्यावर बसणाऱ्यांना तो हवामानाचा दोष वाटू लागला आणि ते सरावले. १२ तारखेला जहाजे निघून बारा तास होत आले, तेव्हा कुठे इंग्रजांना ठाम पत्ता लागला. मग सहा जुनी स्वोर्डफिश विमाने धाडली, ती सहाही पडली आणि अठरांपैकी तेरा माणसे गेली. आमच्या धंद्यातही मोठा अपहार एका दिवसात होत नाही. रोजच्या हिशेबात चार-दोन रुपयांचा फरक पडतो आणि तपासणाऱ्याला त्या फरकाची सवय होते.

आता ज्या अहवालावरून भाषणाला नाव दिले, त्याकडे येतो. ठरावीक लांबीच्या धातूच्या कागदी पट्ट्या आकाशातून सोडल्या तर रडारला त्या विमानांसारख्या दिसतात आणि पडदा भरून जातो. जर्मनांनी बर्लिनजवळच्या ड्युपेल येथे याचा प्रयोग केला, आणि त्या गावाचेच नाव या युक्तीला पडले. मार्टिनीने अहवाल गोअरिंगपुढे ठेवला. गोअरिंग हादरला. त्याने प्रयोग थांबवायला लावले आणि इंग्रजांना सुगावा लागू नये म्हणून अहवाल कुलपात टाकायला सांगितले. मार्टिनीने तो टाकला. त्यामुळे या युक्तीवर उतारा शोधण्याचे कामही थांबले.

गंमत अशी की इंग्रजांकडेही याच पट्ट्या १९४२ पासून तयार होत्या आणि तेही याच भीतीने वापरत नव्हते. फरक एवढाच की तिकडे वाद झाला, बाजू मांडल्या गेल्या आणि शेवटी चर्चिलने परवानगी दिली. २४ जुलै १९४३ च्या रात्री हॅम्बुर्गवर ७९१ विमाने निघाली आणि त्यांतली फक्त बारा परतली नाहीत. टक्केवारी काढली तर दीडच. जर्मन रडारवर पट्ट्याच पट्ट्या दिसत होत्या. पुढच्या आठवडाभरात आगीच्या वादळाने त्या शहरातली पस्तीस ते चाळीस हजार माणसे मेली.

मार्टिनीला मी साधुपुरुष ठरवत नाही. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री कोव्हेंट्रीवर बॉम्बफेकी विमानांना नेणाऱ्या लहरी वायुदलाच्या संदेशवहनाच्याच होत्या आणि तिथे साडेपाचशेच्या वर माणसे मेली. एका खुनशी राजवटीची बारा वर्षे चाकरी करून तो जनरल झाला. 'मी फक्त तारा जोडल्या' ही सबब मला पटत नाही. अहवाल लिहिला हे त्याच्या बाजूला जमा. कुलपात टाकून गप्प बसला हे नावे. खाते जुळत नाही, आणि मी ते ओढूनताणून जुळवणारही नाही.

युद्धानंतर तो १९४७ पर्यंत कैदेत होता. सुटल्यावर रेडिओच्या साह्याने जहाजे-विमानांना वाट दाखवण्याच्या शास्त्रात त्याने पुन्हा काम केले. इंग्रजांची ती मनोऱ्यांची साखळी ज्यांनी उभी केली, त्या रॉबर्ट वॉटसन-वॉट यांच्याशी त्याची चांगली मैत्री जमली. १९६३ च्या जानेवारीत तो वारला.

वेळ झाली असल्याची चिठ्ठी कार्यवाहांनी पुढे केली आहे. कोणाला काही विचारायचे असेल तर चहाच्या वेळी जरूर विचारावे.