पिस्टन कोणते घालावे?



श्रीगोंद्यात टर्बोची इंजिने आता नवलाची राहिली नाहीत. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने परवा विचारले, "सर, पेट्रोलच्या मोटारीला मोडीतला टर्बो बसवतोय. पिस्टन तेच ठेवू का?" मी गणिताचा मास्तर, पण प्रश्न गणिताचाच निघाला.

सायकलीत हवा भरताना पंपाचे बूड तापते. दाबलेली हवा तापतेच. इंजिनात पिस्टन हेच करतो. टर्बो तर जळालेल्या वायूच्या जोरावर फिरून हवा आधीच दाबून आत ढकलतो. म्हणजे दाबणे दोनदा झाले! डिझेलला ते मानवते; तिथे नुसती हवा दाबतात, तेल मागून फवारतात. पेट्रोल हवेत मिसळूनच दाबले जाते. ते फार तापले, की ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच उरलेले मिश्रण भडकते. खडखड ऐकू येते, आणि पिस्टनला भोकसुद्धा पडते.

त्याच्या इंजिनात एका सिलिंडरमागे पिस्टनची धाव 500 घनसेंटीमीटरची, वर उरणारी जागा 50. 550 भागिले 50, म्हणजे दाबाचे प्रमाण 11. ते 9 वर आणायचे, तर वर साडेबासष्ट जागा हवी. म्हणून माथ्यावर साडेबारा घनसेंटीमीटरची जादा वाटी असलेले पिस्टन.

"मग सातच करतो, काळजी नको!" तेही नको. टर्बो जोर धरीपर्यंत गाडी मंद राहील, पेट्रोलही जास्त खाईल. आपल्याला शर्यत नाही, काष्टीच्या बाजाराला जायचे आहे.

जाड गॅस्केट घालूनही प्रमाण उतरते, पण मिश्रण नीट घुसळले जात नाही. ओतीव पिस्टनपेक्षा घडीव पिस्टन मार जास्त सोसते. मात्र तापल्यावर जास्त फुगते, म्हणून सिलिंडरात जागा जास्त ठेवतात आणि गार इंजिन थोडे वाजते. त्याला घाबरू नये. रिंगच्या दोन टोकांतली फटही वाढवावी. टोके भिडली तर पिस्टनची कड तुटते.

आपल्या उसापासूनही होणारे इथेनॉल 2025 पासून पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत असते. ते असे अवेळी भडकत नाही, थोडी मोकळीक मिळते. पण तेवढ्या भरवशावर अकरा ठेवू नये. शिवाय जुन्या मोटारीच्या रबरी नळ्या तपासून घ्याव्या.

हे आकडे कागदावरचे. वरची जागा खरी किती, हे हेड उलटे करून, त्यात रॉकेल मोजून ओतले तरच कळते. त्यासाठी त्याने आमच्या रसायनशाळेतली ब्युरेट नेली आहे. अजून परत आलेली नाही.