रक्ताचा तोल

विळीवर भाजी चिरताना बोट कापले, तर आपण त्यावर चिमूटभर हळद दाबतो आणि पुढच्या कामाला लागतो. थोड्या वेळात रक्त थांबते आणि श्रेय हळदीला मिळते. वस्तुतः त्या श्रेयाचा मोठा वाटा रक्ताकडेच जातो. शरीरात अहोरात्र प्रवाही राहणारे हे द्रव्य जखमेच्या तोंडाशी येताच साकळते आणि आपणच आपली वाट बंद करते. हा गुण त्याच्या अंगी नसता, तर दाढ काढण्याचे निमित्त होऊनही माणूस दगावला असता.

परंतु हाच गुण अस्थानी प्रकट झाला तर प्राणावर बेततो. दीर्घ आजारात किंवा मोठ्या शस्त्रक्रियेनंतर माणूस अंथरुणाला खिळून राहिला, की कधी कधी पायाच्या खोल नीलेत, जखम नसतानाही, रक्ताची गुठळी धरते. ती सुटली तर प्रवाहाबरोबर हृदयात येते आणि तेथून फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकते. काल-परवापर्यंत घरी जाण्याच्या गोष्टी करणारा रोगी घटकाभरात नाहीसा होतो. पायातील गुठळी आणि फुप्फुसातील अडथळा यांचा हा संबंध रुडॉल्फ फिर्खो या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उलगडून दाखविला. निदानाची वाट त्यामुळे सापडली. उपाय मात्र पुढे कितीतरी दशके सापडला नाही.

तो सापडला तो एका गोठ्यात. १९२० नंतरच्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागातील गुरांवर एक विचित्र आपत्ती कोसळली. धडधाकट दिसणारी जनावरे शिंगे कापण्यासारख्या किरकोळ कारणाने रक्तस्राव होऊन मरू लागली. फ्रँक स्कोफील्ड या कॅनडातील पशुवैद्याने दोष वैरणीचा आहे हे ओळखले. स्वीट क्लोव्हर नावाचे वैरणीचे पीक ओल लागून बुरसले, म्हणजे त्यात रक्ताचे गोठणे थांबविणारे काहीतरी निर्माण होत होते. ते काय, हे कोणास ठाऊक नव्हते.

१९३३ च्या फेब्रुवारीत, भर हिमवादळात, विस्कॉन्सिन राज्यातील एक शेतकरी सुमारे १९० मैलांचा प्रवास करून मॅडिसन येथील विद्यापीठात कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या दाराशी आला. त्याच्या गाडीत एक मेलेली कालवड होती, बुरसलेली वैरण होती आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त होते. लिंक यांच्याजवळ त्याला देण्यासारखे उत्तर नव्हते. ती वैरण जनावरांना घालू नका, एवढेच ते सांगू शकले. परंतु प्रश्न त्यांच्या मनातून गेला नाही. सहा वर्षांच्या परिश्रमानंतर १९३९ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत ते द्रव्य स्फटिकरूपाने हाती आले. त्याला डायकुमारॉल हे नाव मिळाले. पुढे याच कुळातील अधिक प्रभावी असे वॉरफरिन तयार झाले आणि १९४८ मध्ये ते बाजारात आले ते उंदीर मारण्याचे औषध म्हणून!

उंदरांचे विष माणसाला द्यावे कसे, ही शंका साहजिक होती. १९५१ मध्ये अमेरिकन लष्करातील एका तरुणाने जीव देण्याच्या हेतूने ते खाल्ले; परंतु ‘के’ जीवनसत्त्व दिल्यावर तो वाचला. म्हणजे या विषाला उतारा होता. १९५४ मध्ये अमेरिकेत मानवी उपचारासाठी वॉरफरिनला मान्यता मिळाली. आपल्या जुन्या वैद्यांना यात नवल वाटले नसते. मात्रा सहाणेवर किती वेढे उगाळावयाची यावर तिचे अमृत किंवा विष होणे अवलंबून असते, हे ते जाणत होते.

या औषधांनी खरोखर प्राण वाचतात काय? याचे निर्णायक उत्तर इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे बॅरिट आणि जॉर्डन या डॉक्टरांनी केलेल्या अभ्यासाने दिले. तो १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. फुप्फुसात गुठळी अडकलेल्या रोग्यांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. सोळा जणांना गोठणविरोधी औषधे दिली, एकोणीस जणांना दिली नाहीत. औषध न दिलेल्यांपैकी पाच जण फुप्फुसातील गुठळीने दगावले आणि आणखी पाच जणांना तो विकार पुन्हा झाला. औषध दिलेल्यांपैकी या कारणाने एकही दगावला नाही. तेव्हा औषधावाचून कोणास ठेवणे हा अन्याय ठरला असता, म्हणून गटांची ती विभागणी तेथेच थांबविण्यात आली. पस्तीस रोग्यांचा हा लहानसा अभ्यास. पण पुढच्या पिढ्यांचे उपचार त्याच्या आधारावर उभे आहेत. त्या पाच मृतांचे आपल्यावर ऋण आहे, हे विसरता कामा नये.

आता प्रश्न उरला मात्रेचा. यकृत ‘के’ जीवनसत्त्वाच्या साहाय्याने रक्त गोठविणारे काही घटक तयार करते. वॉरफरिन किंवा आपल्याकडे पुष्कळ वापरले जाणारे असेनोकुमारॉल हे त्या कामात अडथळा आणते. परंतु आधी तयार झालेले घटक संपेपर्यंत त्याचा पूर्ण परिणाम दिसत नाही. आज बदललेल्या गोळीचे फळ काही दिवसांनी हाती येते. शिवाय एकाला पुरते ती गोळी दुसऱ्याला अपुरी पडते आणि तिसऱ्याला घातक होते. मेथी, पालक यांसारख्या पालेभाज्यांत ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असते. त्यामुळे एरवी क्वचित पालेभाजी खाणाऱ्याने ती एकाएकी रोज खावयास आरंभ केला, तर औषधाचा जोर उतरतो. काही जंतुनाशक औषधांनी तोच जोर वाढतो. तेव्हा गोळी मोजून भागत नाही. रक्तच मोजावे लागते.

ही मोजणी अमेरिकेतील आर्मंड क्विक यांनी १९३५ मध्ये सुचविलेल्या पद्धतीवर आधारलेली आहे. रोग्याच्या रक्तद्रवात थ्रॉम्बोप्लास्टिन नावाचे द्रव्य आणि कॅल्शियम घालावयाचे आणि तो किती सेकंदांत गोठतो ते पाहावयाचे. पद्धत सोपी, पण तिच्यात एक मोठी फट राहून गेली. हे थ्रॉम्बोप्लास्टिन सर्वत्र सारख्या तीव्रतेचे नव्हते. एकाच माणसाचे रक्त दोन प्रयोगशाळांत वेगळे बोले. उत्तर अमेरिकेत वापरात असलेले द्रव्य मंद असल्यामुळे तेथील डॉक्टर नकळत अधिक मात्रा देत होते आणि रक्तस्राव हा औषधाचा अटळ दोष आहे असे समजत होते. जणू माप खोटे आणि दोष धान्याला!

कॅनडातील हॅमिल्टन येथील संशोधकांनी १९८२ मध्ये हा भ्रम दूर केला. पायात गुठळी झालेल्या शहाण्णव रोग्यांपैकी काहींना त्यांनी रूढ मात्रा दिली. इतरांना अधिक संवेदनशील द्रव्याने मोजून कमी मात्रा दिली. गुठळी पुन्हा होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, शेकडा दोन, राहिले. रक्तस्रावाचे प्रमाण मात्र शेकडा बावीसवरून चारवर उतरले. औषध तेच, रोग तोच. बदलले ते केवळ माप. १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्व देशांसाठी एक सामाईक माप स्वीकारले. तेच आजचे आय. एन. आर. प्रत्येक द्रव्याची तीव्रता हिशेबात धरून ते काढले जाते. निरोगी माणसात ते साधारण एक असते. ही गोळी घेणाऱ्या बहुतेकांत ते दोन आणि तीन यांच्या दरम्यान राखावयाचे असते. दोनच्या खाली गुठळीचे भय, वर फार चढले तर रक्तस्रावाचे. या अरुंद बांधावरून रोग्याला वर्षानुवर्षे चालावे लागते.

अलीकडे मोजणीवाचून घेता येतील अशी औषधेही निघाली आहेत. हृदयाचे ठोके अनियमित पडणाऱ्या अठरा हजारांहून अधिक रोग्यांवर झालेला डॅबिगॅट्रानचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुष्कळांची वारंवार रक्त देण्यातून सुटका झाली. ही सोय मोठी आहे. पण ती सर्वांसाठी नाही. हृदयात कृत्रिम यांत्रिक झडप बसविलेल्यांवर हेच औषध वापरून पाहिले तेव्हा गुठळ्याही वाढल्या आणि रक्तस्रावही वाढला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला होता. सांधेतापाने झडपा बिघडलेल्या आणि ठोके अनियमित झालेल्या साडेचार हजारांवर रोग्यांचा आणखी एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतील चोवीस देशांत तो झाला आणि त्यात भारतही होता. त्यात रिव्हारोक्सॅबान या नव्या औषधापेक्षा जुन्या, मोजून द्यावयाच्या औषधांवरील रोग्यांत मृत्यू कमी आढळले.

आपल्या देशाला या निष्कर्षाचे विशेष महत्त्व आहे. सांधेताप हा दाटीवाटीने राहणाऱ्या गरिबांच्या मुलांना गाठणारा आजार. त्याने बिघडलेल्या झडपा बदलण्यासाठी तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने देशी झडप तयार केली आणि १९९० च्या डिसेंबरात ती प्रथम एका रोग्याच्या हृदयात बसविली गेली. मोठाच पराक्रम तो! परंतु झडप बसली म्हणजे काम संपत नाही. ती घेऊन गावी परतलेल्या शेतमजुराला किंवा गृहिणीला जन्मभर ही गोळी घ्यावी लागते आणि ठरल्या वेळी रक्त तपासावे लागते. तपासणीचे ठिकाण तालुक्याला, एस. टी.चे भाडे खिशातून आणि त्या दिवसाची मजुरी बुडालेली. ‘आता बरे वाटते, मग कशाला?’ असे म्हणून एक तपासणी चुकते, मग दुसरी. कोणी गोळीच सोडून देतो. लाखो रुपयांची शस्त्रक्रिया काही रुपयांच्या तपासणीवाचून वाया जाते, ती अशी.

म्हणून, श्रोतेहो, अशा रोग्यापाशी असणारी ती तारीख, आकडा आणि गोळीची मात्रा लिहिलेली लहानशी वही किरकोळ समजू नका. आपल्या घरात किंवा शेजारी असे कोणी असेल, तर पुढची तारीख त्यांना आठवणीने विचारा. नवे औषध किंवा काढा सुरू करण्यापूर्वी, दात काढावयास जाण्यापूर्वी, ती वही डॉक्टरांपुढे ठेवावयास सांगा. स्वतःच्या मनाने गोळी वाढविणे, घटविणे किंवा सोडणे नको. आणि ज्यांच्या हाती गावोगावची आरोग्यकेंद्रे आहेत त्यांनी ही तपासणी रोग्याच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यावी. औषध शोधावयास एक शेतकरी हिमवादळातून १९० मैल आला होता. आपल्या रोग्याला मोजमापासाठी तसा प्रवास पडू नये, एवढे तरी आपण करू शकतो.