काविळींत यकृत जाळतो कोण ?



घरांत कोणाचे डोळे पिवळे झाले कीं आपली पहिली धांव मांत्रिकाकडे. तो गुपचूप हातांना आंब्याच्या सालीचा रस लावतो, चुन्याच्या पाण्यांत हात धुववतो, पाणी पिवळें होतें, आणि "कावीळ उतरली" म्हणून पैसे घेतो. निरोगी माणसाच्या हातांना तोच रस लावून धुवा, पाणी तसेंच पिवळें होईल ! कोठें कोठें तर तापल्या लोखंडाचा डागही देतात. मग शरीरांत खरोखर काय घडतें, तें आज ऐका.

घाण मिसळलेल्या पाण्यांतून 'अ' जातीच्या काविळीचा विषाणू पोटांत जातो व यकृतांत, म्हणजे आपण काळीज म्हणतों त्यांत, बिऱ्हाड करतो. नवल असें कीं, हा विषाणू स्वतः यकृताची फारशी नासाडी करीत नाहीं. ती करते आपल्याच रक्तांतील पांढऱ्या पेशींची फौज. गंजींत चोर शिरला म्हणून राखणदारांनीं गंजीलाच आग लावावी, तसा हा प्रकार. यकृत होरपळलें कीं पित्ताचा पिवळा रंग रक्तांत सांचतो व डोळ्यांत दिसतो.

या फौजेला आवरणारा पाटीलही शरीरांत आहे. त्याला नियामक पेशी म्हणतात. जपानचे शिमोन साकागुची यांनीं १९९५ सालीं त्या ओळखून दाखविल्या. या पेशींच्या शोधाबद्दल त्यांना व अमेरिकेच्या दोघां शास्त्रज्ञांना २०२५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. कोरियांतील संशोधकांनीं 'अ' काविळीचे रोगी तपासले, त्याची हकीकत २०१५ सालीं प्रसिद्ध झाली. ऐन आजारांत या पेशी घटलेल्या होत्या, आणि ज्यांच्यांत त्या कमी, त्यांच्या यकृताला इजा अधिक. त्या पेशी स्वतःच मरून गळत होत्या. राखणदार मोकाट आणि पाटील गैरहजर ! उलट पाटील फार कडक झाला तरी बरें नाहीं. 'ब' व 'क' जातींच्या जुनाट काविळींत या पेशी वरचढ होऊन फौजेचे हात बांधतात व विषाणूचें फावतें, असें संशोधकांना दिसलें आहे.

'अ' काविळींत फौज शेवटीं विषाणूला हटविते, आग विझते आणि बहुतेक रोगी कांहीं आठवड्यांत आपोआप बरे होतात. श्रेय मात्र मांत्रिक उपटतो ! पण ज्याची आग विझत नाहीं, त्याचे मोलाचे दिवस मांत्रिकाच्या ओट्यावर फुकट जातात. म्हणून रोग्याला गुंगी आली, तो बरळूं लागला, रक्त येऊं लागलें किंवा उलट्या थांबेनात, तर तडक दवाखाना गांठा. गर्भारशीला कावीळ झाली तर एक दिवसही दवडूं नका. दूषित पाण्यानेंच होणारी 'ई' जातीची कावीळ तिचा जीव घेऊं शकते. पाणी उकळून प्या, शौचानंतर साबणानें हात धुवा, विहिरीजवळ घाण होऊं देऊं नका. 'अ' आणि 'ब' यांवर लस आहे, तिची चौकशी करा.

बंधूंनो, ज्ञान हें कोणाचें वतन नाहीं. तें आपल्या घरांत आणा, म्हणजे गांठचा पैसा वांचेल आणि घरचें माणूसही वांचेल.